माळ्यावरचं व्हायोलिन पुन्हा हातात घेताना: आधी गज, मग बोटं

माझं व्हायोलिन सापडलं ते पुरामुळे. २०२४च्या ऑगस्टात बडोद्यात विश्वामित्री नदी चढली, नदीकाठच्या सोसायटीत राहणाऱ्या नणंदेचं सामान घाईघाईनं आमच्याकडे आलं आणि ते ठेवायला जागा हवी म्हणून दांडिया बाजारातल्या आमच्या जुन्या घराचा माळा उपसला. पितळी भांडी, दिवाळी अंकांचे गठ्ठे, एक मोडका स्टोव्ह आणि त्यांच्या मागे काळी पेटी. बारावीच्या वर्षी, १९९८ साली, ‘परीक्षा झाली की काढू’ म्हणून वर टाकलेली. सव्वीस वर्षं कुठली परीक्षा चालली होती देव जाणे.

त्यानंतरच्या तीन-चार महिन्यांत मी करता येतील तेवढ्या चुका केल्या. लहानपणी चार-पाच वर्षं हिंदुस्थानी पद्धतीनं शिकून मग नोकरी-संसारात वाद्य सुटलं, अशा माणसांसाठी हे लिहिते आहे. आमच्या बडोद्यात अशी माणसं गल्लोगल्ली आहेत. कुणाशी बोलावं तर ‘मीपण शिकायचो हो’ असं निघतंच.

सुरुवातीलाच एक सांगून टाकते, म्हणजे पुढची पायऱ्यांची उतरंड अशीच का ते कळेल. वाद्य सुटलं तेव्हा हात जिथे होता त्याच्याही मागे गेलेला असतो. कान मात्र थांबलेला नसतो. मधल्या वर्षांत तुम्ही मोठमोठे व्हायोलिनवादक ऐकलेले असतात: एन. राजम ऐकलेल्या असतात, दातारांचं वादन ऐकलेलं असतं, गाडी चालवता चालवता व्ही. जी. जोग ऐकलेले असतात. चौदा वर्षांच्या मुलीचा हात आणि त्रेचाळीस वर्षांच्या बाईचा कान, असं हे विजोड स्थळ असतं. म्हणून पहिल्या दिवशी आपलंच वाजवणं ऐकून पेटी बंद करावीशी वाटते. यातून मला सापडलेली वाट एकच: जुन्या गतींकडून, म्हणजे पाठ केलेल्या रचनांकडून, परत यायचं नाही, उजव्या हाताकडून, म्हणजे तारांवर फिरवायच्या काठीकडून, गजाकडून यायचं. आधी गज, मग बोटं.

१. पेटी उघडा, पण खुंटीला हात लावू नका

मी नेमकं उलट केलं. पेटी उघडली, तारा सैल दिसल्या, लगेच खुंट्या पिळल्या. दोन तारा तुटल्या आणि एक गालावर बसली.

आधी नुसतं बघा. मोबाइलचा टॉर्च लावून वरच्या पृष्ठावरच्या वळणदार फटींतून आत डोकवा. तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीच्या बारीक तारेकडच्या पायाच्या थोडं मागे, वरच्या आणि खालच्या फळीच्या मध्ये एक छोटी गोल काडी उभी दिसली पाहिजे. तिला साउंड पोस्ट म्हणतात. इटालियन लोक तिला ‘आनिमा’, म्हणजे आत्मा म्हणतात, आणि ते उगाच नाही. ही काडी कशानंही चिकटवलेली नसते. तारांच्या दाबावर आणि नेमक्या मापावर ती उभी असते. सगळ्या तारा सैल झाल्या की ती पडू शकते. वाद्य हलकेच कलवल्यावर आत काही खडखडलं तर ती पडलेली आहे असं समजा आणि तारा अजिबात ताणू नका, नाहीतर वरची फळी दबते.

मग कडेनं बोटाच्या पेरानं हलकेच टकटक करत जा. एखाद्या जागी आवाज फाटका किंवा झणझणता आला तर तिथला सांधा सुटलेला आहे. घाबरू नका, हे दुखणं बरं होणारं आहे. त्याबद्दल खाली लिहिते.

गजाचे केस बघा. माझ्या गजाला अर्धवट टक्कल पडलं होतं. बंद पेटीत बारीक कीड होते आणि ती हे केस कुरतडते, कारण ते खरोखरच घोड्याच्या शेपटीचे असतात. पेटीच्या मखमलीत बारीक कोशांसारखं काही दिसलं तर पेटी व्हॅक्यूमनं साफ करून दोन दिवस उन्हात उघडी ठेवा. व्हायोलिन मात्र उन्हात नको.

आणि हो, आतल्या चिठ्ठीवर ‘स्ट्रॅडिव्हेरियस’ असं छापलेलं असेल तर ताबडतोब विम्याच्या एजंटाला फोन करू नका. आमच्या काकांनी आठवडाभर घर डोक्यावर घेतलं होतं की हे सयाजीराव महाराजांच्या बँडमधलं अस्सल वाद्य असणार. स्ट्रॅडिव्हेरी हा नामांकित इटालियन व्हायोलिन-कारागीर १७३७ साली वारला. त्याच्या नमुन्यावर कारखान्यांत बनवलेल्या अगणित व्हायोलिनांत त्याच्या नावाची तीच चिठ्ठी चिकटवलेली असते. काकांना हे अजून पटलेलं नाही.

२. माप बघा

तुम्ही बारा-तेराव्या वर्षी सोडलं असेल तर ते व्हायोलिन पाऊण मापाचं असण्याची दाट शक्यता आहे. पूर्ण मापाच्या व्हायोलिनचं नुसतं धड, मान सोडून, साधारण चौदा इंच भरतं. तुमचं एखादा इंच कमी भरलं तर ते पाऊण आहे. मोठ्या बोटांना त्यावर स्वरांच्या जागा चिकटून येतात, आणि आपणच बेसूर झालो असं वाटत राहतं. ते भाचीला द्या.

३. दुरुस्ती, आणि ‘सरस’ची गोष्ट

या पायरीवर माझे सर्वांत जास्त पैसे आणि अश्रू गेले, म्हणून सविस्तर लिहिते.

वाद्य घेऊन मी आईबरोबर एका दुकानात गेले. दुकानदारानं व्हायोलिन हातात घेतलं, फिरवून बघितलं आणि म्हणाला, “सरस छे, बेन!” आई बाहेर आल्यावर म्हणाली, “बरं झालं, सरस लावणार म्हणाला. आप्पांच्या तंबोऱ्यालाही सरसच लावायचे.” गुजरातीत तो नुसतं ‘छान आहे’ म्हणाला होता. त्यानं लावलं ते सुतारकामाचं पांढरं गोंद.

फरक का पडतो तो समजून घ्या. व्हायोलिनचे सांधे जनावरांच्या कातड्या-हाडांपासून केलेल्या सरसानं जोडतात. हवा बदलली, लाकूड आक्रसलं की तो सांधा आधी सुटतो आणि फळी चिरण्यापासून वाचते. सुटलेला सांधा ऊब आणि ओलावा देऊन स्वच्छ उघडता येतो, पुन्हा जोडता येतो. पांढरं गोंद लावलं की सांधा लोखंडासारखा घट्ट होतो, आणि पुढच्या खेपेला ताण आला की सांध्याऐवजी लाकूड चिरतं. माझं ते गोंद दुसऱ्या एका कारागिरानं तासभर खरवडून काढलं. तो सगळा तास तोंडानं एक शब्द बोलला नाही, ते जास्त लागलं.

दुसरा सापळा असा की सतार-तंबोरा उत्तम दुरुस्त करणारा माणूस व्हायोलिन जाणतोच असं नाही. घोडी दोन्हीकडे असते, पण तिचं काम वेगळं. सतारीच्या घोडीला जवारी काढतात, म्हणजे आवाजात गुंजन यावं म्हणून तिचा माथा घासतात. व्हायोलिनची घोडी पातळ, कमानदार, आणि तिचे पाय पोटाच्या, म्हणजे वरच्या फळीच्या, फुगवट्याला तंतोतंत बसावे लागतात. तयार विकत मिळणारी घोडी तशीच उभी करून दिली तर पायाखालून कागद सरकेल एवढी फट राहते.

म्हणून वाद्य ठेवण्याआधी हे विचारा:

– सांध्याला काय लावणार? (उत्तर ‘सरस’ हवं, आणि ते मराठीतलं!)
– घोडीचे पाय घासून बसवणार की तयार घोडी तशीच ठेवणार?
– साउंड पोस्ट उभी करायचं हत्यार आहे का? ते इंग्रजी एस अक्षरासारखं वाकडं असतं. दाखवा म्हणा.
– गजाचे केस इथेच भरता की बाहेर पाठवता? किती दिवस?
– पॉलिश करणार का? यावर तुम्हीच आधी ‘नाही’ म्हणून टाका. जुन्या व्हार्निशवर फर्निचरचं पॉलिश चढवलं तर आवाज दबतो आणि वाद्याचा चेहराही जातो.

कारागीर कसा शोधायचा? दुकानांच्या पाट्या बघू नका, वाजवणाऱ्यांना विचारा. प्रत्येक शहरात रोज वाजवणारी चार माणसं असतात आणि त्या चौघांचं वाद्य एकाच माणसाकडे जात असतं. साध्या कारखानी व्हायोलिनच्या दुरुस्तीचा खर्च नव्या वाद्याच्या जवळ जाऊ लागला तर नवं घ्या. माझ्यासारखं भावनेत वाहून गेलात तर तो तुमचा प्रश्न.

४. लागणारं सामान

तारांचा नवा संच. जुन्या तारा दिसायला धड असल्या तरी मेलेल्या असतात, त्यांच्यावर सूर स्थिर राहत नाही. पोलादी गाभ्याच्या तारा स्वस्त, टिकाऊ आणि आवाजाला थोड्या कडक. कृत्रिम धाग्याच्या गाभ्याच्या, म्हणजे थोमास्टिकच्या डॉमिनंटसारख्या, जास्त मऊ बोलतात पण महाग. स्वस्तातल्या व्हायोलिनला हा संच घालायचा तर तारा वाद्याच्या किमतीला येतात. पहिल्या वर्षी पोलादी पुरेत.

तारा एकेक करून बदला. एक काढा, तिची नवी लावा, थोडी ताणा, मग दुसरी. चारही एकदम काढल्या तर घोडी आडवी होईल आणि वर सांगितलेला ‘आत्मा’ही जागा सोडेल. तार ताणताना घोडीचा माथा खुंट्यांच्या दिशेला ओढला जातो. दर वेळी बाजूनं बघा, घोडीची शेपटीकडची, म्हणजे खुंट्यांच्या उलट टोकाकडची, बाजू पोटाशी काटकोनात उभी हवी. कललेली घोडी वाकडी होते आणि एके दिवशी बंदुकीच्या बारासारखा आवाज करून पडते.

राळ. तिला दुकानात रोझिन म्हणतात. पाइनच्या चिकापासून होते. नवी वडी काचेसारखी गुळगुळीत असते आणि गजाला काही देत नाही, तिला बारीक पॉलिशपेपरनं थोडं खरवडा. नव्यानं भरलेल्या केसांना पहिल्या दिवशी चांगली पंधरा-वीस मिनिटं राळ लावावी लागते, नाहीतर गज तारेवरून मुका सरकतो. मला वाटलं गजच बिघडला. केसांना बोट लावू नका, हाताचं तेल लागलेल्या जागी राळ धरत नाही.

दोन मऊ सुती कापडं: एक राळेची धूळ पुसायला, एक बोटांच्या घामाला. स्पिरिट किंवा सॅनिटायझर लाकडाजवळ आणू नका, व्हार्निश विरघळतं.

आवाज दबवायला घोडीवर बसवायचा रबरी म्यूट, फ्लॅटमध्ये राहत असाल तर.

मोबाइलवर तानपुरा आणि ट्यूनर. आणि एक उभा आरसा.

चाळिशी. हसू नका. स्वरलिपी स्टँडवर दोन-अडीच फुटांवर असते आणि आपली चाळिशी वर्तमानपत्राच्या अंतराची असते. दुहेरी चष्मा असेल तर नेमका अंक दिसावा म्हणून आपण हनुवटी वर करतो, मान वाकते, खांदा चढतो आणि महिन्याभरानं ‘व्हायोलिननं मान धरली’ म्हणून डॉक्टरकडे जातो. मी तेच केलं. शेवटी स्टँडच्या अंतराचा वेगळा चष्मा करून घेतला. नाहीतर वहीतलं मोठ्या अक्षरात उतरवून घ्या.

५. खुंट्या आणि स्वर

खुंटी फिरत नसेल तर तेल घालू नका, ती कायमची निसटत राहील. खुंट्यांसाठी मिळणारा खास मसाला लावा. तो नसेल तर जुना उपाय आहेच: अडकत असेल तिथे कोरडा साबण, निसटत असेल तिथे खडू, दोन्ही अगदी नखभर. फिरवताना खुंटी आत दाबत फिरवा. बारीक जुळवणी शेपटीवरच्या छोट्या स्क्रूंनी करा, पण ते पूर्ण खाली गेलेत का ते बघत जा. तसे गेले तर खालून लाकडाला ओरखडा काढतात.

कोणत्या स्वरांत जुळवायचं? तुमच्या गुरुजींनी शिकवलं होतं त्यातच. आता इंटरनेटवर बघून बदलू नका. कुणी सा-प-सा-प लावतात, कुणी प-सा-प-सा, कुणी म-सा-प-रे. हा शेवटचा प्रकार पाश्चात्त्य जुळवणीच्या चार तारांनाच आपली नावं दिल्यासारखा आहे, जाड तारेकडून दुसरी तार षड्ज मानायची. मी त्यातच वाजवते, पुढची उदाहरणं त्याचीच आहेत. जुनी पद्धत आठवतच नसेल तर जुन्या वहीत बोटांचे आकडे लिहिलेले असतात, त्यावरून कळतं. माझ्या वहीच्या शेवटच्या पानावर गुरुजींच्या अक्षरात ‘गज सरळ!!’ असं दोन उद्गारचिन्हांसह होतं.

६. बसायचं कसं

भारतीय बैठकीत मांडी घालून उजवं पाऊल पुढे घेतात, व्हायोलिनचा गोल माथा त्याच्या घोट्याजवळ टेकतो, खालचा भाग डाव्या खांद्या-छातीशी. वाद्य दोन टोकांना टेकलेलं असल्यानं डावा हात ते धरायच्या कामातून सुटतो आणि मींड-घसीट, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर सरकत जाणं, मोकळं होतं. चौदाव्या वर्षी हे सहज जमायचं. आता माझे गुडघे दहा मिनिटांत बोलायला लागतात.

उपाय: नितंबांखाली जाड उशी किंवा दुमडलेली सतरंजी घ्या, म्हणजे गुडघे खाली येतात. तरीही जमत नसेल तर खुर्चीवर बसून हनुवटीखाली धरा, त्यात कमीपणा नाही. फक्त आठवड्यातून दोनदा बैठक बदलू नका. पहिले दोन महिने एकच.

चाळिशी-पन्नाशीत खांदा आखडण्याचा त्रास होतो, मधुमेह असेल तर जास्तच. हात पाठीमागे नेताना किंवा डोक्यावर नेताना अडत असेल तर वाद्याच्या आधी डॉक्टरांना दाखवा. रियाज करून तो मोकळा होत नाही.

७. पहिले सहा आठवडे: मोकळ्या तारा

या पायरीला सगळे कंटाळतात, आणि परत येणाऱ्या माणसाची गाडी इथेच रुळावर येते किंवा घसरते. डावा हात मांडीवर ठेवा. फक्त गज.

रोज दोनदा पंधरा-पंधरा मिनिटं. रविवारी दोन तास बसून भरपाई होत नाही, फक्त अंगठा दुखतो. माझी वेळ सकाळी साडेसहा, दूधवाला येण्याआधी, आणि रात्री साडेनऊ.

पहिला आठवडा: आरशासमोर बसा. गज घोडीला समांतर चालला पाहिजे. टोकाकडे जाताना तो मागे वळतो, कारण आपण कोपर न उघडता खांद्यातून हात ओढतो. टोकाला पोचेपर्यंत कोपर उघडत जायचं. दहा सेकंदात होणारी ही सूचना आहे, मला त्यासाठी बारा दिवस लागले.

दुसरा-तिसरा आठवडा: तानपुरा चालू करा, मिनिटाला साठ ठोके लावा. एक गज चार मात्रा. मग सहा. मग आठ. आठ मात्रांत आवाज तुटता कामा नये, आणि वाढता-कमी होताही कामा नये. गजाच्या मुठीकडे वजन आपोआप पडतं, टोकाकडे ते पहिल्या बोटानं द्यावं लागतं. हे वजन म्हणजे दाब नव्हे. दाबलं की तार घशात बोळा कोंबल्यासारखी ओरडते. हात तारेवर टेकू द्यायचा, दमून आल्यावर कठड्यावर टेकतो तसा.

चौथा आठवडा: गजाची जागा. घोडीजवळ आवाज टोकदार, बोटं ठेवायच्या पट्टीकडे सरकलं की हवेचा. दोघांच्या मध्ये एक पट्टा असतो तिथे तार आपणहून बोलते. तो शोधायला डोळे मिटा.

पाचवा-सहावा: एका तारेवरून दुसरीवर जाणं, मधली तार न खरचटता. मग अर्धा गज, पाव गज, तीन मात्रा खाली आणि एक वर. शेवटचा प्रकार सगळ्यात अवघड, कारण एका मात्रेत परत यायचं आणि आवाज मात्र मोठा होऊ द्यायचा नाही.

अंगठ्याकडे लक्ष द्या. उजवा अंगठा बाहेरून सरळ ताठ झाला की मनगट संपलं. तो किंचित वाकलेला हवा. करंगळी काठीवर वरून टेकलेली, गोल.

आठवड्यातून एकदा मोबाइलवर दोन मिनिटं रेकॉर्ड करा, तारीख घाला आणि ऐकू नका. महिन्यानं चारही एकदम ऐका. रोज ऐकलं तर आपण रोज रडतो. मोबाइलच्या माइकला व्हायोलिनचे वरचे स्वर जरा जास्तच खुपतात, तेही लक्षात असू द्या.

घरच्यांबद्दल: सहा आठवडे ‘सा प सा प’ ऐकून माझा मुलगा म्हणाला, “आई, याच्यापुढचं गाणं येतं का?” म्यूट लावला की त्यांचा प्रश्न सुटतो, पण म्यूटवर गजाची खरी परीक्षा होत नाही, म्हणून निदान एक वेळचा रियाज उघडा करा. नवरात्रातल्या नऊ रात्री बडोद्यात सकाळीच काय ते उरकून घ्या. गरब्याच्या माइकापुढे तुमचा षड्ज तुम्हालाही ऐकू येणार नाही.

८. आता बोटं

डाव्या हाताची नखं रोज बघा. बोटांची टोकं आठ-दहा दिवस दुखतील, मग घट्टे पडतील. उत्तरायणात मांजा हाताळणार असाल तर डाव्या हातात फिरकी घ्या, दोर उजव्या हाताला सोडा. मी जानेवारीत तर्जनी कापून घेतली आणि तीन आठवडे पुन्हा मोकळ्या तारांवर आले. त्यात माझा गज सुधारला, तो भाग निराळा.

पट्टीवर खुणेच्या चिकटपट्ट्या लावू नका. डोळ्यांना एकदा सवय लागली की कान आळशी होतो, आणि आपल्याकडे धड अवयव तेवढा एकच उरला आहे. त्याऐवजी वाद्यालाच विचारा. म-सा-प-रे जुळवणीत पंचमाच्या तारेवर तिसऱ्या बोटानं तार षड्ज घ्या. तो नेमका लागला तर शेजारची मोकळी षड्जाची तार न छेडता थरथरते, डोळ्यांना दिसतं. केसभर चुकलं की ती गप्प. तसंच षड्जाच्या तारेवर तिसऱ्या बोटानं मध्यम घेतला की खालची मध्यमाची तार बोलते. या दोन जागा पक्क्या झाल्या की मधली बोटं त्यांच्या आधारानं बसतात.

मग सरळ अलंकार, एका गजात दोन स्वर, मग चार. त्यानंतर भूप राग, कारण त्यात म आणि नी नाहीत. पाच स्वरांत चुकायला जागा कमी. घसीट आणि गमक सहा महिने थांबू शकतात. जुनी हौसेची गत एकदा वाजवून बघाल हे मला माहीत आहे. वाजवा, दार लावून.

९. शिक्षक

इथवर एकट्यानं येता येतं, पण तिसऱ्या महिन्याच्या आत कुणीतरी समोर बसून बघायला हवं. आपल्या चुका नव्या नसतात, त्या जुन्या आणि मुरलेल्या असतात. ऑनलाइन शिकायला हरकत नाही, पण कॅमेरा उजव्या बाजूनं लावा. शिक्षकांना गजाचा वाकडेपणा दिसला पाहिजे.

आमच्याकडे संगीत शिकण्याची परंपरा रस्त्यातच भेटते. सयाजीराव महाराजांच्या काळात १८८६ साली मौलाबक्षांनी गायनशाळा काढली, तीच पुढे महाराजा सयाजीराव विद्यापीठाची परफॉर्मिंग आर्ट्स फॅकल्टी झाली, सुरसागरसमोर. भातखंड्यांची पहिली अखिल भारतीय संगीत परिषद १९१६ साली बडोद्यातच झाली. मला पदवी नको होती. मी तिथल्या एका कार्यक्रमाला गेले, मागच्या रांगेत बसले आणि शेजारच्या मुलीला विचारलं, तू कुणाकडे शिकतेस. चौकशीची ही पद्धत सगळ्या शहरांत चालते.

शिक्षकांना पहिल्या भेटीत खरं सांगा: किती वर्षं शिकलो, किती वर्षं सोडलं, रोज किती वेळ देऊ शकतो. तासाला आजूबाजूला नऊ-दहा वर्षांची मुलं असतील. ती तुम्हाला ‘आंटी’ म्हणतील आणि तुमच्यापेक्षा बरं वाजवतील. माझ्या तुकडीतला एक मुलगा माझ्या खुंट्या जुळवून द्यायचा आणि मी त्याला चिक्की. हा व्यवहार वर्षभर चालला.

ज्या शिक्षकांनी पहिल्याच दिवशी नवं महागडं वाद्य घ्यायला लावलं, आणि तेही त्यांच्याच ओळखीतून, तिथून चहा पिऊन निघा.

१०. परीक्षा द्यायची असेल तर कागद

अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा वर्षातून दोन सत्रांत होतात: प्रारंभिक, प्रवेशिका प्रथम, प्रवेशिका पूर्ण, मध्यमा प्रथम, मध्यमा पूर्ण आणि पुढे विशारद. लहानपणी जिथे थांबलात तिथून पुढे जाता येईल का, हे जवळच्या केंद्रावर जुनं प्रमाणपत्र दाखवून विचारा. तयारीत ठेवा: जुनी गुणपत्रिका किंवा प्रमाणपत्र, आधार, फोटो. बायकांसाठी एक सापळा आहे. प्रमाणपत्रावर माहेरचं नाव, आधारवर सासरचं. विवाह नोंदणीचा दाखला जवळ असू द्या आणि फॉर्म भरण्याआधीच विचारून घ्या. पहिल्या वर्षी मात्र परीक्षा नकोच.

‘गणपतीत एक तरी वाजव गं’ या मागणीलाही पहिल्या वर्षी नाही म्हणा. मी हो म्हणाले. आरतीच्या आधी, भर मंडपात, बारीक तार शिट्टीसारखी किंचाळली आणि पुढच्या रांगेतले आजोबा कानातलं यंत्र काढून खिशात ठेवताना मी डोळ्यांनी बघितले.

११. आपल्या हवेत वाद्य सांभाळणं

माळा नको. पुरापासून माझं व्हायोलिन वाचलं, पण स्लॅबखालच्या सव्वीस उन्हाळ्यांनी सांधे सोडवले. सरस उष्णतेनं मऊ होतो. मे महिन्यात बंद गाडीत पेटी पाच मिनिटांसाठीसुद्धा ठेवू नका. पावसाळ्यात लाकूड फुगून खुंट्या अडकतात, पेटीत सिलिका जेलच्या पुड्या टाका. थंडीत उलट, कोरड्या हवेनं खुंट्या सुटतात आणि सकाळी चारही तारा लोळलेल्या दिसतात. तेव्हा घाबरून एकदम ताणू नका, घोडी सरळ आहे का ते बघून एकेक चढवा. पेटी भिंतीला चिकटून, एसीच्या झोताखाली किंवा स्वयंपाकघराच्या बाजूला नको. जमल्यास बंद कपाटाऐवजी समोर, हाताशी ठेवा. दिसतं ते वाजवलं जातं.

रोजचं आवरणं या क्रमानं: तारांवरची राळ पुसा, घोडीखालची धूळ पुसा, बोटं लागलेली मान पुसा, म्यूट काढा, मग गजाचा स्क्रू सैल करा, केस काठीला लागतील-न लागतील इतके. ताणलेला गज तसाच ठेवला तर काठीचा बाक जातो. हे शेवटचं मी अजूनही विसरते, म्हणून पेटीच्या झाकणाला आतून मुलाच्या अक्षरातली चिठ्ठी चिकटवली आहे: ‘आई, स्क्रू.’